प्रभाकर घरतचं काटकोनी हेड

पनवेलात आजही कुणी म्हणालं, "प्रभाकर घरतला गिअर कापता येत नव्हते," की माझं डोकं फिरतं. त्याच्या शेजारच्या गाळ्यात मी वेल्डिंग करायचो. त्याचे वडील भगवानदादा होते तोवर मला बोलायची चोरी होती. आता ते नाहीत, म्हणून सांगतो.

प्रभाकर रोडपालीचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. मिठागर सरकारजमा झालं, आणि हाती आलं ते सगळं भगवानदादांनी पोराच्या मिलिंग मशीनमध्ये घातलं. मुंबईच्या बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं परदेशी मशीन. सोबत एक काटकोनी हेड आलं होतं, गंजून दगड झालेलं. मशीनचा कटर एरवी वरून सरळ खाली उतरतो. हे हेड लावलं की तो आडवा फिरतो आणि जिथे एरवी पोचता येत नाही तिथे खाच पाडतो.

त्र्याण्णव साली कामं आटली. त्यातच तळोज्याच्या एका कारखान्याचे साहेब पंपाची बॉडी घेऊन आले. खाच आतल्या अंगाला हवी होती. "दसऱ्यानंतर चालवून दाखवा, वर्षभराचं काम तुमचं," म्हणाले. ते मिळालं तर गाळा टिकणार होता, नाही तर मशीन विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

प्रभाकरने हेड खोललं. बेअरिंगांचा भुसा झालेला, आतल्या दोन दातेरी चाकांचे दात झिजलेले. तसले गिअर बाजारात मिळेनात. पावसाळाभर खपून त्याने ते स्वतः कापले, दात कडक व्हावेत म्हणून तापवून पाणी दिलं, एकमेकांवर घासून जोडी जुळवली. हाताने फिरवलं तर आवाजच नाही! मला बोलावून तो पुन्हा पुन्हा फिरवून दाखवायचा आणि मी म्हणायचो, "पुरे, दृष्ट लागेल." लागलीच मेली.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, यंत्राला हात लावायचा नाही. ग्रीस भरून झाकण आवळायचं तेवढं राहिलं होतं. प्रभाकरने हेड तसंच पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. भगवानदादा मुद्दाम आले होते. त्यांनी कनवटीचा भोकाचा पैसा काढला. त्यांच्या वडिलांच्या वेळचा, मिठाच्या पेटीत बरकतीसाठी ठेवलेला. तो हेडवर ठेवून म्हणाले, "आता माज्याकडं द्यायला ह्योच हाय."

दसरा झाल्यावर प्रभाकरने फुलं झटकली, ग्रीस भरलं, झाकण आवळलं. पैसा दिसला नाही, पण बाबांनी परत नेला असेल असं त्याला वाटलं. उघड्या तोंडातून तो आत घसरला होता हे कुणाला ठाऊक!

साहेबांसमोर मशीन सुरू झालं. क्षणभर छान चाललं. मग आतून खाडकन आवाज आला आणि कटर थांबला.

"घरत, दात कच्चे आहेत तुमचे," म्हणत साहेब पंप घेऊन निघून गेले.

हेड खोललं तेव्हा मी जवळच होतो. लहान चाकाचे दात तुटले होते. ग्रीस चाचपताना पैसा हाताला लागला, पार पिळवटलेला. प्रभाकर हमसून हमसून रडला. मलाही बघवेना. बाहेरून भगवानदादांची हाक आली तसा त्याने पैसा खिशात टाकला.

"चाललं का रं?"

"नाही बाबा. दात कच्चे राहिले. माझीच चूक."

मी त्याला एकदा झापलं, "अरे गाढवा, साहेबांना तरी खरं सांग!"

"आज त्यांना सांगितलं की उद्या बाबांच्या कानावर जाईल. मिठागर गेलं ते त्यांनी सोसलं. हे नाही सोसणार. तुला माझी शपथ आहे."

मग दात कच्चे राहिले, हेच त्याने साऱ्या पनवेलला सांगितलं, आणि पनवेलने ते खरं मानलं. नवे गिअर कापायची उमेद त्याच्यात उरली नव्हती. होती ती गिऱ्हाइकंही तुटली.

दिवाळीनंतर मशीन टेम्पोत चढलं. भगवानदादा रिकाम्या गाळ्यात वाकून कोपरे धुंडाळत होते.

"काय शोधताय, दादा?" मी विचारलं.

"माजा पैसा. पूजेपासनं दिसत नाय. त्यो हरवला म्हनून ह्ये सगलं जालं. त्यो असता तर पोराचं मशीन गेलं नसतं."

प्रभाकर खिशात हात घालून उभा होता.

"तुम्ही नका वाकू, बाबा," तो म्हणाला. "मी शोधतो." आणि खरंच जमिनीवर बसून तो शोधायला लागला.