होडीची सावली

धाकटीचं काम पाण्यातला उजेड मोजायचं. संशोधन केंद्रातली नोकरी. दोरीला बांधलेला सेन्सर किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात सोडायचा आणि हातभर, दोन हात खाली किती ऊन पोचतं ते पडद्यावर बघायचं. बंदर खोल करणारी यंत्रबोट दिवसभर गाळ ढवळत होती. गढूळ पाण्यात ऊन शिरत नव्हतं, उन्हावाचून डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढत नव्हतं, आणि त्या शेवाळावर जगणारी, तिच्या दादाने विकण्यासाठी वाढवलेली कालवं दोरांवर टांगल्या टांगल्या रोडावत चालली होती. धाकटीचे आकडे बंदरवाल्यांना पटले, तर गाळउपसा थांबणार होता.

केंद्राची होडी मोडल्यापासून दादाच तिला नेई. तो होडी लावी, ती पडद्यात डोकं घालून बसे.

त्या दिवशी दादाचा खांदा धरला, म्हणून वहिनी आली. पहिल्याच मोजणीला उजेड जवळजवळ दुप्पट. धाकटीने सेन्सरची काच पुसली, पुन्हा सोडला. तेच.

"होडी वळवू का?" वहिनीने विचारलं. "हे नेहमी दोरी सावलीत येईल अशी लावतात. मला वाटलं, तूच सांगितलं असशील."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोरी उन्हाच्या बाजूने सोडायची, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. होडीच्या सावलीत मोजलं तर स्वच्छ समुद्रही काळोखा निघेल.

दादा स्वयंपाकघरात खांदा शेकत बसला होता. त्याने नाकारलं नाही. उलट तिलाच विचारलं, खाली अंधार आहे की नाही? मग थोडा गडद दाखवला तर कुणाचं काय गेलं? एवढं शिकलीस, भावासाठी इतकंही चालत नाही? वर टोमणाही मारला, की मान वर करून एकदा सूर्याकडे बघितलं असतंस तर कळलं असतं.

हे खरं होतं, म्हणून ती आणखीच पेटली.

"ते आकडे माझ्या सहीने गेलेत," ती म्हणाली. "उद्या मीच ते मागे घेणार. आणि आजचे खरे ऐक. तुझ्या खालच्या दोरांपाशी, भर उन्हात, शेवाळाला लागतो त्याच्या निम्माही उजेड नाही. एवढ्यावर काम थांबलं असतं, दादा. तू नुसती होडी सरळ लावली असतीस तरी."

दादाचा शेकायचा हात तिथेच थांबला. वहिनीने गॅस बंद केला.

केंद्राने सगळी मोजणी रद्द केली. पूर्ण हंगाम नव्याने मोजायचा, तोवर गाळउपसा चालू. होडीवालाही दुसरा दिला. आता धाकटी आधी सूर्य कुठे आहे ते बघते. पलीकडे दादा मेलेल्या कालवांचे दोर वर ओढत असतो. तिला बघून तो हात करतो. ती सेन्सर पाण्यात सोडते.