दवाखान्याला पाठ लावून बसलेल्या काकू

"मले काय होते?" असं म्हणून काकू आपल्या उजव्या गुडघ्यावर चापट मारायच्या. गुडघा खरोखरच दुखत असल्यामुळे चापटीनंतर त्यांचा चेहरा आवळून यायचा. पण तोवर बोलून झालेलं असायचं.

अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा सरकारी दवाखाना आहे. मी तिथे रक्त आणि लघवी तपासतो. काकू आमच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून भाजी विकायच्या. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्यांच्या स्वतःच्या वाडीतलं. भाजीवर पाणी शिंपडायच्या ते आमच्या नळाचं, बसायच्या ते आमच्या कडुनिंबाच्या सावलीत. पण फाटकाच्या आत नळापुढे त्या कधी आल्या नव्हत्या, आणि याचा त्यांना अभिमान होता. "दवाखान्याले पाठ लावून बसली मी. तोंड नाही दाखवलं," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या.

गुडघ्याचा इलाज त्यांचा त्यांनीच केला होता. पदराच्या गाठीत दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी असायची. सकाळी वाडीत वाकायच्या आधी एक, संध्याकाळी उठताना एक. असं कित्येक वर्षं. शिवाय त्या उदार होत्या. मेथी निवडताना एखाद्या बाईनं नुसतं "आई गं" म्हटलं की जुडीबरोबर गोळी मिळायची. एकदा माझं डोकं दुखत होतं, तेव्हा मलाही देऊ केली. "घे भाऊ, तुह्या दवाखान्यातल्या गोयीपेक्षा पावरची हाय." मी घेतली नाही. त्यांना ते लागलं.

त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर आम्ही एक फलक रंगवून घेतला होता. मूत्रपिंडं सांभाळा, वेळीच तपासणी करा. रंगाऱ्यानं काढलेली मूत्रपिंडं वांग्यांसारखी दिसायची, आणि खाली काकू वांगी घेऊनच बसलेल्या. बाहेरगावच्या लोकांना तो त्यांच्याच दुकानाचा फलक वाटायचा. एकदा मी त्यांना विचारलं की तुमच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं का कधी. काकू म्हणाल्या, "वाचलं ना. चौथी शिकली मी. कोनाले तरी सांगून राह्यले ते."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सूचना त्यांना कळते, पटतेही. फक्त ती दुसऱ्या कुणासाठी तरी आहे अशी त्यांची खात्री असते.

काकूंची मोठी बहीण केनवडला दिलेली होती. तिचे पाय सुजले, अन्न जाईना, आणि वाशिमला नेल्यावर कळलं की मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. डायलिसिस सुरू झालं. तिच्या डायलिसिसच्या दिवशी काकू वाशिमला जाऊन तिच्या उशाशी बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन गप्प भाजी विकायच्या. गप्प काकू म्हणजे काय हे आमच्या रस्त्याला माहीत नव्हतं. लोक भाव न करताच भाजी नेऊ लागले.

अशाच एका सकाळी मी मेथी घ्यायला गेलो आणि बहिणीची चौकशी केली. बोलता बोलता कळलं की बहिणीला बीपी होता आणि ती तो अंगावर काढत होती. कंबरेसाठी ती गोळ्या खायची, त्याच गोळ्या, काकूंनीच सुचवलेल्या. त्यांची आईही पाय सुजूनच गेली होती. तेव्हा लोकांनी कुणीतरी काही केलंय असं म्हणून अंगारे लावले होते.

मी मेथीची जुडी खाली ठेवली. मला उपदेश जमत नाही, म्हणून होतं ते सांगून टाकलं. आईचं तसं झालं, बहिणीचं असं झालं, आणि तुम्ही रोज दोन गोळ्या खाता. काकू, या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे बोट दाखवतात. गावातल्या बाकीच्यांपेक्षा तुम्हाला धोका जास्त आहे.

काकूंनी हातातला तराजू खाली ठेवला.

"हे तू माह्यं नाव घेऊन सांगून राह्यला?"

"हो. तुमचंच."

"मंग आधी काहून नाही सांगतलं? भितीवर लिवून ठेवता."

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदा आत आल्या. लघवीची बाटली टोपलीत सांबाराखाली झाकून आणली होती, रस्त्यावरच्या कुणाला कळू नये म्हणून. वाटेत एका गिऱ्हाइकानं सांबार मागितला तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माल असताना नाही म्हटलं.

लघवीत बुडवलेल्या तपासपट्टीचा रंग हिरवा पडला. लघवीतून प्रथिनं जात होती. रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं, आणि बीपी तर बहिणीच्या वरताण. डॉक्टर मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं की नुकसान सुरू झालंय, पण अजून आवरता येईल. दुखण्याची गोळी बंद, मीठ कमी, बीपीची गोळी रोज आणि तपासणी ठरल्या तारखेला. काकूंनी पदराची गाठ सोडली, गोळ्यांची पट्टी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मी ज्यायले ज्यायले देल्ली, त्यायचं काय?"

मॅडमनी ती पट्टी उचलून पाहिली. त्या म्हणाल्या, त्यांनाही पाठवा.

काकूंनी ते अक्षरशः घेतलं. पुढच्या दिवसापासून भाजी तोलता तोलता त्या प्रत्येकाला त्याचा त्याचा धोका सांगू लागल्या. तुह्या बापाले शुगर होती, तू जा. तुमचे पाय संध्याकाळी सुजतात गुरुजी, मी बसल्या जागेवरून पाह्यते, तुमी जा. काही गिऱ्हाइकं तुटली. सकाळी वांगी घ्यायला जावं आणि बापाचं मरण ऐकून यावं, हे सगळ्यांनाच झेपत नाही. पण माझ्या खिडकीपुढे माणसं उभी राहू लागली. काय झालं विचारलं की सांगत, काही नाही, काकूनं पाठवलं.

एकच माणूस त्यांचं ऐकेना, आणि तो त्यांचा मुलगा होता. तो बायकोसह दरवर्षी ऊसतोडीला जायचा. पाठ धरायची, म्हणून काकू त्याच्या पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या स्वतः भरून द्यायच्या. त्यांनी फोनवर त्याला एका दमात सगळं ऐकवलं. तुह्यी आजी अशी गेली, मावशी मशीनवर हाय, माह्यं असं निंगालं, आता तुहाच नंबर. त्यानं फोन ठेवला. नंतर उचलेचना. सून दुसऱ्याच्या फोनवरून एवढंच म्हणाली की ते नीट जेवत नाहीत आणि दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात.

काकू माझ्या खिडकीशी येऊन बसल्या. "मी त्याले भेव देल्लं," त्या म्हणाल्या. "तपासनी नाही देल्ली."

मी त्यांना म्हणालो, त्याला तुमचंही सांगा. नुकसान लवकर सापडलं म्हणून आवरलं, हे त्याला माहीत नाही. त्याला फक्त मावशीचं मशीन माहीत आहे.

"फोनवर नाही होत ते," काकू म्हणाल्या.

वाडी दिराच्या हवाली करून त्या वाशिमहून बसनं मुलाकडे निघाल्या. आयुष्यात जिल्ह्याबाहेर फारशा न गेलेल्या बाईनं विचारत विचारत त्याची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, शोधून काढली. तिथे त्यांनी भाकरी थापल्या, नातवंडांना न्हाऊ घातलं आणि तपासणीचा शब्दही काढला नाही. बरेच दिवसांनी म्हणाल्या की माझी तपासणीची तारीख आली, इकडचा दवाखाना मला सापडणार नाही, तू चल सोबतीला. तो गेला. तिथे त्यांनी आधी स्वतःचा हात पुढे केला, सुई टोचून घेतली, हसल्या आणि खुर्चीवरून उठल्या. खुर्ची रिकामी राहिली. तो बसला.

त्यांचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. त्यांच्या मागे माणसांचा गलका होता, म्हणून त्या ओरडून बोलत होत्या. त्याला बीपी निघाला होता, पण लघवी साफ होती. 

बहीण पुढच्या पावसाळ्याआधीच गेली. काकू मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं भाजी विकत होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्या दुपारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं, असं मॅडम म्हणाल्या. मूत्रपिंडं शेवटपर्यंत काम देत होती. मीच तपासत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

त्यांच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली तर रांगेत पहिलाच त्यांचा मुलगा होता. डोकं ताजं भादरलेलं, खांद्यावर टॉवेल. मला वाटलं, काही कागद हवा असेल. मी म्हणालो, आज कशाला आलास, घरी पाहुणे असतील.

"हायेत," तो म्हणाला. "पन तारीख आजची हाय."

त्यानं बाही वर सारली आणि हात खिडकीतून आत दिला.