जळणाचं छप्पर

आमच्या ह्यांना संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडून नेलं, तेव्हा उन्हाळा संपत आला होता. लालबागच्या चाळीत तळमजल्यावरची शेवटची खोली आमची. तिथेच मी खाणावळ चालवायची. गिरणीतले कोकणातले गडी आपापल्या पाळीप्रमाणे जेवून जात. वखारीतून जळण आणायचं काम ह्यांचं; लागेल तसं खांद्यावरून आणत. आता हे तुरुंगात, आणि हरताळ पडला की वखार बंद. पावसाआधी गाडीभर लाकूड भरून ठेवलं तरच चूल चालणार होती. पण खोलीत माणसांनाच बसायला जागा पुरत नव्हती.

खोलीच्या मागे मोकळ्या जमिनीची एक पट्टी होती आणि तिच्यापलीकडे एका पेन्शनर कारकुनांचं कौलारू घर. मधलं कुंपण कधीच कुजून गेलेलं. तिथे जळणासाठी छप्पर घालू का, असं मी चाळमालकाला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या खोलीमागे काय ते करा, पण शेजाऱ्यांची तक्रार माझ्याकडे आणू नका."

गडी मदतीला तयारच होते. एक जण म्हणाला, "वयनी, आमी आसंव मां! सुट्टीच्या दिवशी उभा करून टाकू." पण आभाळ सुट्टीची वाट बघेल असं दिसत नव्हतं. मी गावी वडिलांच्या बरोबरीने गोठा शाकारलेली बाई. बांबू आणले, काथ्या आणला, डांबराच्या पिंपांचे ठोकून सपाट केलेले पत्रे आणले, पदर खोचला आणि पहिला खड्डा खणायला घेतला.

एवढ्यात शेजारचे काका बाहेर आले. "बाई, थांबा. हे माझ्या हद्दीत येतंय."

"हद्द कुठे आहे, काका?"

त्यांनी नुसताच हात फिरवला. "ही इथून. शिवाय लाकडाला वाळवी लागते, उंदीर होतात. तुमच्या पत्र्याचं पाणी माझ्या भिंतीवर येणार. तुमचे यजमान सुटून येऊ देत, मग आम्ही दोघं बसून ठरवू."

मला राग आला, पण आवाज चढवला नाही. "ते मराठी राज्यासाठी आत बसलेत. ते येईपर्यंत पाऊस काही थांबत नाही, आणि माझी माणसं उपाशी पाळीवर जाणार नाहीत. काय ठरवायचं ते माझ्याशी ठरवा."

हद्द कुठे आहे तेच आधी बघायचं मी ठरवलं. रस्त्याच्या अंगाला हद्दीचा एक दगड दिसत होता. म्हणजे दुसरा गटाराच्या अंगाला असणार. मी पहार घेऊन तिथली माती उकरायला लागले. कचरा, खापऱ्या, पुन्हा माती. हाताला फोड आले. चाळीतल्या बायका मागच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. शेवटी पहार खणकन वाजली. घडीव दगड होता, पहिल्यासारखाच.

मी दोरीचं एक टोक काकांच्या हातात देऊन त्यांना रस्त्याकडच्या दगडापाशी उभं केलं आणि दुसरं टोक या दगडाला लावलं. दोरी ताणली, तर काकांच्या घरचा कपडे धुवायचा दगड दोरीच्या अलीकडे, आमच्या बाजूला! बायकांमध्ये कुजबुज झाली. काकांचा चेहरा उतरला. त्यांची बायको इतकी वर्षं त्याच दगडावर धुणं धूत होती.

मी म्हटलं, "तो दगड तिथेच असू दे. मला काढायचा नाही. पाण्याचं आणि वाळवीचं तुम्ही बरोबर बोललात. मी छप्पर दोन हात अलीकडे घेते, उतार माझ्या दाराकडे ठेवते. लाकूड जमिनीला टेकवणार नाही, खाली दगड घालते. मग तर झालं?"

काका आत गेले. मला वाटलं, बिनसलं. पण ते धोतर वर खोचून बाहेर आले, हातात करवत. "बांबू मी कापून देतो," म्हणाले. "खांब सरळ उभा राहिला की नाही, ते तुम्ही बघा."

संध्याकाळपर्यंत पत्रे चढले. प्रत्येक गाठ माझ्या हातची होती. मी खांबाला लोंबकळून बघितलं, जरासुद्धा हलला नाही.

त्या पावसाळ्यात हरताळ झाले, वखारी कितीदा तरी बंद राहिल्या. आजूबाजूच्या चुली ओल्या लाकडाने धुमसत होत्या. माझ्याकडून एकही गडी उपाशी गेला नाही. काकांच्या घरीही मी कोरडी लाकडं देत होते.

हे सुटून आले तेव्हा बरेच वाळले होते. मागच्या दारी गेले, खांब हलवून पाहिला, पत्र्यावर थाप मारली. "कोणी बांधलं?"

मी उत्तर द्यायच्या आत पलीकडून काका म्हणाले, "तुमच्या मंडळींनी, स्वतःच्या हातांनी. मी फक्त बांबू कापले."

ह्यांनी माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. चाळीत सगळ्यांसमोर असं त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी मागच्या दारी न्यायचे, छप्पर दाखवायचे. तुरुंगातल्या गोष्टी त्यानंतर.