आल्डाबाईंचा हिरा

लुतगार्त आणि मी अँटवर्पमध्ये स्टेशनजवळच्या एका दागिन्यांच्या दुकानात अठरा वर्षं शेजारी शेजारी उभ्या होतो. नासपतीच्या आकाराचा हिरा निवडावा तर तिनेच. दोन्ही खांदे सारखे हवेत, टोक फार बारीक नको, आणि मुख्य म्हणजे पोटावर काळी आडवी पट्टी दिसता कामा नये. दिव्याखाली सगळेच हिरे छान दिसतात, म्हणून ती गिऱ्हाइकाला खिडकीशी नेऊन दाखवायची.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी नेइलेन गावाहून एक म्हातारं जोडपं आलं. फिरमिन सायकली दुरुस्त करायचा. आल्डा, त्याची बायको, त्याचा दंड धरून चालत होती. तिला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून गळ्यातलं पदक करायचं होतं.

"माझा वाढदिवस लक्षात राहत नाही, पन्नास वर्षं कशी मोजलीस रे?" आल्डा म्हणाली.

"तुझ्याबरोबरचं एकेक वर्ष मोजूनच काढलंय," फिरमिन म्हणाला. आम्ही हसलो.

लुतगार्तने दोन हिरे मांडले. एक निर्दोष. दुसरा काळ्या पट्टीचा, दोन वर्षं पडून राहिलेला. तो खपवा म्हणून मालक रोज टोचत होता. भाव दोन्हींचा जवळपास सारखाच लावलेला. तिने एकदा आल्डाच्या डोळ्यांकडे पाहिलं. खिडकीचं नावही काढलं नाही.

"तुम्ही स्वतःसाठी कोणता घ्याल, बाई?" फिरमिनने विचारलं.

"हा," लुतगार्त म्हणाली आणि पट्टीवाला पुढे सरकवला.

आल्डाने तो हातात घेतला, नखाने कडा चाचपल्या, मग खालच्या ओठावरून हळूच फिरवला. "एक खांदा जड आहे. मी एकतीस वर्षं असे हिरे घासलेत. पोट कसं आहे याचं? काळं नाही ना?"

फिरमिन वाकला. "मला काय कळतंय त्यातलं!"

"नाही हो," लुतगार्त म्हणाली. "अगदी स्वच्छ आहे."

आल्डाने तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "बरं," ती म्हणाली. "हाच द्या."

हिरा पदकात बसवायला ठेवून ते गेल्यावर लुतगार्त मागच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. सोमवारी ती मला म्हणाली, "मला जेवण जात नाही गं. मी आंधळ्या बाईला फसवलं, तेही तिने विचारल्यावर." मंगळवारी तिने फोन केला. उचलला फिरमिनने. मी तिच्या बाजूलाच होते.

"पट्टी होती, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीत?"

"बाईंना दिसत नाही म्हणून."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तरी गुरुवारी दोघं आली. लुतगार्तने पाच हिरे ट्रेमध्ये ठेवले आणि प्रत्येकाचा दोष मोठ्याने सांगत गेली. आल्डाने एकेक ओठावरून फिरवून चौथा निवडला. "टोकाला नीट कोंदण करा, नाहीतर टवका उडेल," एवढंच म्हणाली.

"तुला त्या दिवशीच कळलं होतं?" फिरमिनने बायकोला विचारलं.

"यांच्या आवाजावरून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खुशीत होतास. चारचौघांत तुझा पोपट कशाला करू?"

हे ऐकून लुतगार्तने मान खाली घातली, ती ते जाईपर्यंत वर केली नाही. पट्टीवाला हिरा तिने मालकासमोर ठेवून सांगितलं, मी हा विकणार नाही. मालक आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. वसंतात तिने काम सोडलं, आणि आता ती मेखेलेनला बहिणीच्या फुलांच्या दुकानात असते. हिऱ्यांचा विषय निघाला की उठून जाते.

लोक तिच्याबद्दल विचारतात तेव्हा मी हे सगळं सांगते. एक गोष्ट गाळते. त्या गुरुवारी बाहेर पडताना फिरमिन माझ्यासमोर थांबला होता.

"शनिवारी तुम्हीही इथेच होतात ना?"

"हो," मी म्हणाले.

"तुम्हाला पट्टी दिसली होती?"

मी काचेवरचा नसलेला डाग पुसायला लागले. तो आल्डाला पायरी सांगत बाहेर घेऊन गेला.