कापसातला फ्यूज

आमच्या घरी सवत आली ती चार चाकांवर. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराने जंगलात वापरून वापरून टाकून दिलेली जुनी विलायती मोटार ह्यांनी विकत घेतली आणि गडचिरोलीच्या आमच्या भाड्याच्या घरासमोर आणून उभी केली. तिला जागा हवी म्हणून माझा वालाचा मांडव काढावा लागला. शेंगा धरल्या होत्या हो त्याला. तेव्हापासून माझं तिच्याशी कधी पटलं नाही.

हे पाटबंधारे खात्यात होते. ऑफिसातून आले की आधी तिच्या बॉनेटवरून हात फिरवायचे आणि मग घरात येऊन मला पाणी मागायचे.

एका हिवाळ्यात तिचा हॉर्न बंद पडला, आणि त्याच्याबरोबर टपातला छोटा दिवाही. दोन्हींचा फ्यूज एकच होता. बोटाच्या पेराहून जरा मोठी काचेची नळी, आत बारीक तार, आणि ती तार जळून काच काळी पडलेली. सावली गावाच्या रस्त्यावर धानाच्या बैलबंड्यांची रांग असायची, हॉर्नशिवाय गाडी काढायची कशी? मिस्त्री म्हणाला, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देतो. हे त्याच्यावर भडकले. चांदी वितळणार नाही, आतली जुनी वायर मात्र पेटेल, म्हणाले. मग जळका फ्यूज त्यांनी चपट्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून निजवला आणि तो डबा घेऊन दुकानं पालथी घालायला लागले. वडशाच्या रेडिओवाल्याकडचा फ्यूज नखभर आखूड निघाला, पकडीत बसेना. चंद्रपुरात लांबी जुळली, पण त्यावरचा अँपिअरचा आकडा दुप्पट. दुकानदाराने चालून जाईल म्हटलं, तर ह्यांनी त्याला काय सुनावलं ते रात्री जेवताना मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"मी म्हटलं, चालून जाते म्हणून तिच्यात काई पण टाकून द्याचं का?"

मी हातातला घास ताटात ठेवला. कारण ह्यांनी आजवर माझ्यासाठी बांगड्या आणल्या त्या सगळ्या अंदाजाने. एकदा इतक्या मोठ्या, की भांडी घासताना गळून पडायच्या. एकदा इतक्या लहान, की अंगठ्यापाशीच अडायच्या. दोन्ही वेळा मला एकच उत्तर मिळालं, चालवून घे न. दारावर कासार यायचा, बांगड्यांना मी काही महाग नव्हते. पण त्या नळीला कापसाची गादी आणि मला चालवून घे! माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी हे नागपूरला निघाले. उजव्या हातात माझी एकच बांगडी उरली होती, बाकीच्या काम करताना फुटल्या होत्या. ती मी काढली आणि त्यांच्यादेखत डब्यात, फ्यूजशेजारी कापसात ठेवली.

"हा बी नमुना सोबत न्या. मले हेच माप पायजे."

हे हो म्हणाले, पण त्यांची नजर फ्यूज नीट बसला का ते बघत होती.

ते परत येईपर्यंत माझा भुंडा हात सगळ्या आळीने पाहिला. शेजारच्या बाईने विचारलं, दूधवाल्याने विचारलं. नागपूरहून हे आले ते हसतच. त्याच हाताने मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, ताट वाढलं. बांगड्यांचं नाव नाही. जेवण उरकून हे अंगणात पळाले, आणि थोड्या वेळाने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा हॉर्न वाजला. ह्यांनी मला हाक मारली. मी रागातच गेले आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. बाहेर अंधारून आलं होतं. त्यांनी बटण दाबलं, टपातला दिवा लागला, आणि त्या पिवळ्या उजेडात त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या हातावर गेली.

"काऊन वो, तुह्या हातात बांगडी नाई? कुठी गेली?"

"तुमच्या डब्यात."

त्यांनी डबा उघडला. वर कोरे फ्यूज ओळीने निजवलेले होते आणि खाली, कापसाच्या तळाशी, माझी बांगडी होती. नागपुरात दुकानदाराला फ्यूज दाखवताना त्यांनी ती नक्कीच बाजूला सारली असणार. माझा हात हातात घेऊन त्यांनी ती बांगडी हळूहळू चढवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सुखाचं नव्हतं. मी रोज ह्यांच्यासमोर वावरत होते, आणि मी दिसायला ह्यांना तिचाच दिवा लागला.

बांगडी चढेपर्यंत तो दिवा एकदासुद्धा लुकलुकला नाही. मेलीचा फ्यूज अगदी मापात बसला होता.