फोटोतलं खोटं

फोटो स्टुडिओत वीस वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात, गिऱ्हाइकांनी न नेलेले फोटो आणि किस्से. फोटो निदान दिवाळीच्या साफसफाईत टाकून देता येतात.

रविवार कारंजाजवळच्या आमच्या स्टुडिओत आम्ही तिघं. मालक अण्णा, मालेगावचा नासिर आणि मी. जुने, फाटके फोटो दुरुस्त करणं हे आमचं काम. आता ते एआय करतं आणि आम्ही त्याच्या चुका शोधतो. तिघांनी पाहिल्याशिवाय प्रिंट द्यायची नाही, असा अण्णांचा नियम.

*

एका किराणा दुकानाचा जुना फोटो आला. पाटीचा तुकडा उडालेला, तो एआयनं भरून दिला. अण्णा चष्मा पुसून पुसून पाटी वाचत होते. शेवटी मला हळूच म्हणाले, "मोतीबिंदू वाढला वाटतं."

जवळ जाऊन पाहिलं. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी, पण अक्षर एकही मराठी नव्हतं!

*

लासलगावच्या एका व्यापाऱ्यांना कांद्याच्या ढिगापुढे उभं राहून काढल्यासारखा स्वतःचा फोटो हवा होता. ढीग एआयनं रचून दिला. आम्ही हात, कान, शर्टाची बटणंसुद्धा तपासली. ते मात्र स्वतःकडे न बघता ढिगाकडेच बघत राहिले.

"इतका एकसारखा कांदा कुठल्या गावाला पिकतो तेवढं सांगा," म्हणाले, "आत्ता ट्रक पाठवतो."

*

नासिरचे वडील यंत्रमागावर होते. लग्नाच्या एका फोटोतली साडी बघताना तो थबकला. काठाची रेघ निरीत शिरली होती, ती पुन्हा बाहेर आलीच नव्हती. कापड असं वळत नाही, म्हणाला. मग पडद्यावरच्या त्या साडीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला. वडिलांचा माग भंगारात गेला तेव्हा त्यावर अर्धी विणलेली साडी तशीच होती, हे त्यानं आम्हाला त्या दिवशी सांगितलं.

*

मी माझा चौथीच्या वर्गाचा फोटो दुरुस्त केला. शेजारी बसलेल्या सुमनचा चेहरा बुरशीनं खाल्ला होता. चौथीनंतर ती शाळेत आली नाही, पुढे कधी भेटलीही नाही. एआयनं तिला छान चेहरा दिला. तो तिचा नव्हे एवढं मला कळतं, पण काय चुकलंय ते सांगता येत नाही. आता सुमन आठवायला गेले की तोच चेहरा समोर येतो.

*

गेल्या हिवाळ्यात देवळ्याहून एक शेतकरी आले, पन्नाशीचे. आई वारली होती. तिचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, घाबरल्यासारखा. "असा नको," म्हणाले. "हसताना करा. लय हसायची ती."

केला. तिघांनी पाहिला. कान, केस, सुरकुत्या, डोळ्यांतला उजेड, कुठंच चूक नाही. आजवरचं आपलं सगळ्यात चांगलं काम, असं अण्णा म्हणाले.

शेतकऱ्यांनी फोटो हातात घेतला आणि नकारार्थी मान हलवली. "ही नाय."

काय चुकलं, मी विचारलं. त्यांनाही चटकन सांगता येईना. फोटो लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाले, "हे दात. आईचे दात आम्ही कुणी पाहिलेच नाय. हसू आलं की ती पदर तोंडाला लावायची."

पुन्हा केला. नाकापासून खाली सगळा पदर, वर नुसते डोळे.

यात तर चेहराच दिसत नाही, चालेल का, असं अण्णांनी त्यांना विचारलं.

"हसतीये ना," ते म्हणाले.