पोटावरचा हात

कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर बार्शीटाकळीची एक बाई होती. आम्हा दोघींचं हर्नियाचं ऑपरेशन. तिचं आधी दोनदा होऊनही पोट पुन्हा पुढे आलेलं. या वेळी डॉक्टरांनी आतून मोठी जाळी बसवली. हसताना ती तळहाताने पोट दाबून धरायची, आणि हसायची फार.

काही महिन्यांनी तपासणीला आम्ही पुन्हा भेटलो. डॉक्टर तिला म्हणाले, "जोरात खोका."

"खोकून काय पायता, डॉक्टरसायेब? आधीचे टाके मी हसूनच तोडले. मले हसवून पाहा."

डॉक्टर गंभीर माणूस. विचार करून त्यांनी एक विनोद सुरू केला आणि अर्ध्यावर विसरले. ती खदखदून हसली. हात सवयीने पोटाकडे निघाला, थबकला आणि टाळीसाठी डॉक्टरांपुढे गेला.

त्यांनी दिली.